गरम पोती

पोती हाताला गरम लागत होती. १९४७ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या गोदीत ‘ग्राँकाँ’ या फ्रेंच जहाजावर माल चढवणाऱ्या कामगारांनी नंतर जे जे सांगितलं, त्यात ही एक बारीकशी गोष्ट आहे. सहा पदरी कागदाची, शंभर पौंडी, म्हणजे साधारण ४५ किलोंची पोती. वर स्वच्छ अक्षरांत छापलेलं : खत, अमोनियम नायट्रेट. कारखान्यातून निघून, मालगाडीच्या डब्यांतून शेकडो मैल येऊन, गोदामात थप्पी लागून मग ती जहाजावर चढत होती, तरी आत ऊब शिल्लक होती. खत इतके दिवस गरम कसं राहतं? विचारायचं तरी कुणाला? त्याचं उत्तर जाणणारा माणूस त्या गोदीत नव्हता.

१६ एप्रिलला सकाळी आठच्या सुमारास जहाजाच्या चौथ्या खणातून धूर यायला लागला. कुणी प्यायच्या पाण्याचा जग ओतला, कुणी अग्निशामक नळकांडी रिकामी केली. पाण्याचा मोठा पाइप आत सोडायची वेळ आली तेव्हा नको म्हणून सांगण्यात आलं, पाण्यानं माल वाया जाईल. मग जहाजावरची जुनी रीत वापरली गेली. खणावर झाकणं घातली, त्यावर ताडपत्री ओढली आणि आत वाफ सोडली. वाफ हवेला बाहेर ढकलते, आणि हवा नसली की आग गुदमरते. कापूस, लाकूड, धान्य अशा मालाला ही रीत लागू पडते. अमोनियम नायट्रेटला पडत नाही, कारण त्याचा प्राणवायू त्याच्याच रेणूत असतो. त्याला बाहेरची हवा लागतच नाही. साधारण १७० अंशांना ते वितळतं, आणखी तापलं की विघटन सुरू होतं, त्या विघटनातून पुन्हा उष्णता निघते. बंद खणात वाफ सोडणं म्हणजे त्याला आयतीच ऊब देणं. साडेआठच्या सुमारास झाकणं उडाली. धुराला सुंदर नारिंगी छटा होती म्हणतात, आणि ती पाहायला लोक धक्क्यावर जमले होते. नऊ वाजून बारा मिनिटांनी जहाज फुटलं. किमान ५८१ माणसं गेली. गावाच्या अग्निशमन दलातल्या २८ जणांपैकी २७ जण त्यात होते. जहाजाचा टनावारी वजनाचा नांगर दीड मैलाहून जास्त अंतरावर जाऊन पडला.

पण मनातून न जाणारी गोष्ट स्फोटाच्या आधीची आहे. आग लागल्यावर शेजारच्या पाचव्या खणातून काडतुसांच्या पेट्या उतरवायचं काम कामगारांना सांगण्यात आलं होतं. पेट्या जेमतेम सोळा. त्यांच्यावर दारूगोळा असं लिहिलेलं होतं, म्हणून त्या धोक्याच्या. आणि जहाजाच्या पोटातलं दोन हजार टनांहून अधिक अमोनियम नायट्रेट? ते खत होतं.

ज्यावर युद्धाचं नाव होतं, त्याची भीती वाटली.

ही पोती कुठून आली ते पाहिलं की युद्ध आणि अर्थव्यवस्था यांचं नातं जितकं एका ठिकाणी दिसतं, तितकं मोठमोठ्या आकड्यांच्या तक्त्यांतही दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं अमोनियाचे आणि नायट्रेटचे प्रचंड कारखाने उभारले. हेच नायट्रेट टीएनटी या स्फोटकात मिसळून बॉम्ब आणि तोफगोळे भरले जात. १९४५ साली मागणी एका फटक्यात थांबली, आणि त्याच वेळी युरोप नि आशियातली उद्ध्वस्त शेतं उपाशी होती. तेव्हा बंद पडलेले दारूगोळ्याचे १५ कारखाने पुन्हा सुरू करून त्यात खत बनवायचं ठरलं. निर्णय चांगला होता, आजही चांगलाच वाटतो. लोक भुकेले होते, यंत्रं तयार होती, कामगार शिकलेले होते. खुद्द ते जहाजही युद्धाचंच अपत्य होतं. अमेरिकेत झपाट्यानं बांधलेल्या ‘लिबर्टी’ जहाजांपैकी एक, युद्धानंतर फ्रान्सकडे गेलेलं. जहाज, माल, मालामागची घाई, सगळं युद्धातून शांततेत आलं होतं. नावं तेवढी बदलली होती.

या सगळ्याच्या मुळाशी नत्र आहे. हवेत ७८ टक्के नत्र भरलेलं असताना माणूस शतकानुशतकं त्याच्यासाठी तरसत राहिला, कारण हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं धरून असतात आणि पिकाला ते सोडवता येत नाहीत. पिकाला लागतो तो दुसऱ्या मूलद्रव्यांशी बांधलेला नत्र, आणि बंदुकीच्या दारूलाही तोच. सोरा (म्हणजे पोटॅशियम नायट्रेट), गंधक, कोळसा या तिघांत चारातले तीन भाग सोराच. म्हणून तोफा आल्या तसं राज्यांचं लक्ष अचानक लोकांच्या गोठ्यांकडे गेलं. १७ व्या शतकातल्या इंग्लंडमध्ये राजाचे सोरेवाले लोकांचे तबेले, कबुतरखाने, घरातली जमीनसुद्धा खणत, कारण मूत्र आणि विष्ठा मुरलेल्या मातीत सोरा तयार होतो. पहिल्या चार्ल्सनं तर प्रजेनं मूत्र साठवून ठेवावं असं फर्मान काढलं. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून बिहारचा सोरा येऊ लागला तेव्हा इंग्लंडमधल्या घरांची खणाखण थांबली. आधुनिक राज्यसंस्था घराच्या उंबऱ्याच्या आत कशी शिरली, हे सांगताना लोक करवसुलीची आणि जनगणनेची उदाहरणं देतात. मला आधी ते कुदळवाले आठवतात.

मग दक्षिण अमेरिका. अटाकामाच्या वाळवंटात पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून तिथलं नायट्रेट विरघळून वाहून गेलं नाही. ‘कालिचे’ नावाचा तो कडक थर सुरुंगानं फोडायचा, चुरायचा, गरम पाण्यात विरघळवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी थंड करून स्फटिक काढायचे. १८७८ साली बोलिव्हियानं तिथल्या एका कंपनीवर दर क्विंटलमागे १० सेंटाव्हो कर लावला. त्यावरून पेटलेल्या युद्धात पेरू आणि बोलिव्हिया हरले. बोलिव्हियाचा सगळा समुद्रकिनारा गेला, तो आजतागायत परत आलेला नाही. चिली जिंकला, आणि पुढची तीसेक वर्षं नायट्रेटवरच्या निर्यात करातून त्याच्या तिजोरीत जवळपास निम्मं उत्पन्न येत राहिलं. रेल्वे झाली, शाळा झाल्या, बंदरं झाली. जिंकलेल्या देशाचं आधुनिकीकरण म्हणून हे उदाहरण दाखवता येईल, आणि ते खोटंही नाही. पण बाहेरून आयता पैसा येत असताना घरच्या लोकांकडून कर घ्यायची सवय राज्याला लागत नाही. कारखान्यात बनवलेलं नत्र बाजारात आलं आणि पाठोपाठ १९३० ची मंदी आली, तेव्हा चिलीची निर्यात ज्या वेगानं कोसळली तशी फार थोड्या देशांची कोसळली. हंबरस्टोन नावाचं एक नायट्रेट गाव तिथे अजून उभं आहे. नाटकगृह आहे, लोखंडी पत्र्यांचा पोहण्याचा तलाव आहे. माणूस नाही.

युद्धामुळे विज्ञान पुढे जातं असं म्हणणाऱ्यांना तारखा दाखवाव्याशा वाटतात. फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत हवेतल्या नत्रापासून अमोनिया थेंबाथेंबानं पाडून दाखवला तो २ जुलै १९०९ रोजी. युरोपात तेव्हा शांतता होती आणि काळजी होती ती गव्हाची. विल्यम क्रूक्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १८९८ साली ब्रिस्टलच्या व्यासपीठावरून इशारा दिला होता की नत्र हवेतून मिळवता आलं नाही तर गहू खाणाऱ्या जगाला टंचाई भोगावी लागेल. हाबरच्या टेबलावरचं ते यंत्र कारखान्यात नेण्याची सगळी मेहनतही शांततेतलीच. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत आल्विन मिटाशच्या माणसांनी हजारो मिश्रणं तपासली, आणि महागड्या ऑस्मियमच्या जागी काम करणारा उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ, सापडला तो लोखंडाचा, थोडं अॅल्युमिनियम ऑक्साइड आणि पोटॅश मिसळलेला.

नळीची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण आधुनिकीकरण प्रत्यक्षात कसं घडतं ते तिच्यात दिसतं. हाबरचं यंत्र कारखान्याच्या मापाचं करणाऱ्या बीएएसएफच्या कार्ल बॉशच्या पोलादी नळ्या पाचशे अंशांवर, सुमारे दोनशे वातावरणांच्या दाबाखाली, ऐंशी तासांच्या आसपास टिकायच्या आणि फुटायच्या. कापून पाहिलं तर आतलं पोलाद ठिसूळ. त्या तापमानाला हायड्रोजन पोलादात शिरतो, तिथला कार्बन ओढून घेतो, त्याचा मिथेन होतो, आणि पोलादाला बळ देणारा कार्बनच गेल्यामुळे धातू आतून चिरतो. जाड नळी केली तरी चीर थोडी उशिरा येते, इतकंच. बॉशचा तोडगा असा की आत मऊ लोखंडाचं अस्तर घालायचं. त्यात कार्बन जवळजवळ नसतोच, तेव्हा हायड्रोजन त्याचं काय काढून नेणार? दाब पेलायला बाहेर पोलादाची जाड नळी. अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन त्या पोलादाला लागू नये म्हणून बाहेरच्या नळीला बारीक बारीक भोकं. गॅस भोकांतून निघून जातो, पोलाद वाचतं. सप्टेंबर १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊचा अमोनिया कारखाना सुरू झाला तो या भोकांच्या जोरावर. युद्धाला तेव्हा अकरा महिने अवकाश होता.

युद्धानं या शोधाचं काय केलं? त्याचा रोख बदलला. ब्रिटिश नाकेबंदीनं जर्मनीला चिलीचं नायट्रेट मिळेना. १९१४ च्या शरद ऋतूत साठा मोजला गेला तेव्हा दारूगोळा काही महिन्यांत संपेल असं दिसत होतं. बॉशनं अमोनियापासून नायट्रिक आम्ल मोठ्या प्रमाणावर करून देण्याचं कबूल केलं आणि १९१५ च्या वसंतात ते करून दाखवलं. त्याच वसंतात, २२ एप्रिलला, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मनांकडून क्लोरीन हा विषारी वायू वाऱ्यावर सोडला गेला, आणि त्याची तयारी करणारा माणूस हाबरच होता. ओपाऊ फ्रेंच विमानांच्या टप्प्यात होतं, म्हणून देशाच्या आतल्या भागात लॉयना इथे सरकारी पैशानं नवा कारखाना उभारला. १९१६ च्या मे महिन्यात पाया, १९१७ च्या एप्रिलच्या शेवटी अमोनिया. शांततेत इतका मोठा कारखाना इतक्या लवकर कुणी बांधला नसता, हे मान्य करायलाच हवं.

त्याच काळात, १९१६-१७ च्या हिवाळ्यात, जर्मन लोक जनावरांना घालायचे सलगम खाऊन दिवस काढत होते. बटाट्याचं पीक रोगानं गेलं होतं. शेतांवर माणसं नव्हती, घोडे नव्हते आणि नत्रही नव्हतं, कारण हवेतून काढलेलं नत्र तोफगोळ्यांत जात होतं. देशाच्या इतिहासातला सर्वांत मोठा नत्र कारखाना उभा राहत होता आणि जमीन दर हंगामाला दुबळी होत होती. उत्पादनाच्या आकड्यांत लॉयना दिसतं. जमिनीतून काढून घेतलेलं आणि परत न घातलेलं नत्र कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

मग युद्ध संपलं आणि पोत्यांवरची नावं पहिल्यांदा बदलली. ओपाऊ खताकडे वळलं. अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांचं मिश्र खत तिथल्या कोठारात साठवलं जाई. अमोनियम नायट्रेटला दोन खोडी आहेत. ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि ३२ अंशांच्या आसपास त्याच्या स्फटिकाची रचना बदलते. दाणा फुगतो, थंड झाला की आक्रसतो. ऊन-सावली चार वेळा झाली की दाण्याचा भुगा होतो आणि ओल धरलेला भुगा दगडासारखा बसतो. साडेचार हजार टनांचा असा डोंगर कुदळीनं फुटेना, तेव्हा लहान सुरुंग लावून तो मोकळा करायची पद्धत पडली. मिश्रण ठरलेल्या प्रमाणात असेल तर ते सुरुंगानं पेटत नाही, हे तपासलेलं होतं. हजारो वेळा सुरुंग लावले, काही झालं नाही. दरम्यान वाळवण्याची पद्धत बदलली होती. त्यामुळे ढिगात कुठे कुठे नायट्रेट प्रमाणाबाहेर गोळा झालेलं होतं, असं नंतरच्या अभ्यासातून पुढे आलं. २१ सप्टेंबर १९२१ च्या सकाळचा सुरुंग अशाच एखाद्या जागी लागला असावा. पाचशेहून अधिक माणसं गेली, गावातली बहुतेक घरं पडली.

इथे युद्ध कुठेच नाही, असं कुणी म्हणेल. पण डोंगर एवढा मोठा का होता? कारण कारखाना युद्धाच्या मापाचा होता. आणि साठवायचं कसं, उपसायचं कसं, हे हळूहळू, छोट्या ढिगांवर चुका करत शिकायला जो वेळ लागतो, तो मधल्या वर्षांत मिळालाच नव्हता. बॉशच्या नळ्या चाचणीच्या जागेवर फुटल्या, पुन्हा फुटल्या, आणि मग भोकं सापडली. ढिगाच्या वाट्याला तसे दिवस आले नाहीत. युद्ध उत्पादन वाढवतं, त्या उत्पादनाबरोबर राहायची अक्कल वाढवत नाही. ती मागून येते, आणि मधल्या काळात माणसं मरतात.

अमेरिकेतही पहिल्या महायुद्धात घाईघाईनं अलाबामातल्या मसल शोल्स इथे दोन नायट्रेट कारखाने आणि मोठं धरण काढलं होतं. एक कारखाना नीट चाललाच नाही, कारण हाबर-बॉश पद्धतीतले बारकावे जर्मनीबाहेर कुणाला पुरते ठाऊक नव्हते. दुसरा जेमतेम चाचणीला लागला तोवर युद्ध संपलं. ती मालमत्ता पंधरा वर्षं वादात पडून राहिली आणि १९३३ मध्ये टेनेसी खोऱ्याच्या विकास प्राधिकरणाकडे गेली. तिथून मग वीज आली, खतावरचं संशोधन आलं. म्हणजे युद्धानं टाकलेल्या पैशाचं सोनं झालं ते युद्धानंतर पंधरा वर्षांनी, पूर्ण वेगळ्या राजकीय निर्णयानं. तो निर्णय झाला नसता तर तिथे एक गंजलेला कारखाना राहिला असता.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र नत्र खरोखर शेतावर पोचलं. पोचल्यावर नवीच अडचण आली. उंच गव्हाला भरपूर नत्र घातलं की ओंबी जड होते, काडी झुकते आणि पीक लोळतं. त्यावरचा उपायही एका सैन्याच्या मागोमाग आला. पराभूत जपानमध्ये ताबा घेतलेल्या फौजांबरोबर शेती सल्लागार म्हणून गेलेल्या सॅल्मन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाला १९४६ मध्ये ‘नोरिन १०’ हा बुटका गहू दिसला. उंची जेमतेम दोन फूट, काडी ताठ. त्यानं बियाणं अमेरिकेला पाठवलं, ते ऑरव्हिल व्होगेल या गहू पैदासकाराच्या हाती पडलं, तिथून मेक्सिकोत गव्हाच्या नव्या जाती काढणाऱ्या नॉर्मन बोरलॉगकडे गेलं. पण हा गहू जपानी पैदासकारांनी युद्धाच्या कितीतरी आधी तयार केला होता. १९३५ साली तो शेतकऱ्यांना दिला गेला. बियाणं शांततेत घडलं, त्याचा प्रवास तेवढा युद्धानं घडवला. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या पोटात जाणारं अन्न कारखान्यातल्या नत्रावर उभं आहे. हे लिहिताना त्या नत्राबद्दल कृतज्ञता वाटते, आणि ईप्रच्या वाऱ्याची दिशाही आठवते. यातली एक भावना दुसरीला खोडून काढू शकत नाही.

ईप्रच्या परिसरात आजही नांगराच्या फाळाला तोफगोळे लागतात. शेतकरी तो गंजलेला गोळा उचलून शेताच्या कडेला, विजेच्या खांबापाशी ठेवतो, सैन्याचं पथक गाडीतून येऊन घेऊन जातं. काहींत अजून विषारी वायू असतो. मग त्याच शेतात खत पडतं. जर्मन गोळ्यातलं नत्र आणि गोणीतलं नत्र बहुधा एकाच प्रक्रियेतून निघालेलं, मध्ये शंभर वर्षं.

टेक्सास सिटीच्या पोत्यांकडे परत येतो. अमोनियम नायट्रेटच्या त्या दोन खोडींवर उपाय म्हणून दाण्यांना मेण, राळ आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप दिला होता. ओल लागू नये, ढेकूळ होऊ नये म्हणून. शेतकऱ्याच्या सोयीसाठी केलेली ही गोष्ट. पण लेप म्हणजे जळाऊ पदार्थ, प्राणवायू बाळगून असलेल्या क्षाराला अगदी चिकटवून ठेवलेला. त्यावर कागदाचं पोतं, तेही जळाऊ. आणि थप्पीच्या मधल्या पोत्याला चारही बाजूंनी पोतीच असतात. त्याची ऊब जाणार कुठे? दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या माणसांना हा पदार्थ स्फोटक म्हणून माहीत होता. रेल्वेच्या, गोदामाच्या, जहाजाच्या माणसांपर्यंत पोचलं ते फक्त पोत्यावर छापलेलं नाव.

मृतांच्या आणि जखमींच्या वतीनं साडेआठ हजारांच्या आसपास लोकांनी अमेरिकी सरकारवर दावे लावले. खालच्या न्यायालयानं सरकारला दोषी धरलं. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी ते दावे फेटाळले : हे वरच्या पातळीवर विचार करून ठरवलेलं धोरण होतं आणि अशा निर्णयांसाठी सरकारवर दावा चालत नाही. भरपाईसाठी संसदेला १९५५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. त्या निकालपत्रात खत किती गरम असताना पोत्यात भरायचं याचीही चर्चा आहे. आणखी थंड करून भरलं असतं तर खर्च वाढला असता किंवा उत्पादन घटलं असतं, म्हणून ते तसंच भरलं गेलं. पोती गरम का, या गोदीतल्या प्रश्नाचं उत्तर तिथे लिहिलेलं आहे, सहा वर्षांनंतरच्या तारखेचं.